अंबाडीचा दोर

पोळा तोंडावर आला की माझ्या ओसरीत अंबाडीचा वास भरतो. भिजवलेल्या वाखाचा, अंबाडीच्या सालीच्या तंतूंचा, हा वास ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना तो सांगून कळायचा नाही. थोडा नाल्याच्या गाळाचा, थोडा ओल्या गवताचा, आणि मागून हळूच येणारी एक आंबूस कड. आज सकाळी तो नाकाशी आला आणि मी चहाची कपबशी तशीच खाली ठेवून दाराशी गेले. अंगणात गावातले पोट्टे-पोट्ट्या जमलेले. दोघं दोन टोकांना उभं राहून वाखाला पीळ भरत होते, एक मुलगी मधून पावलापावलानं चालत पदर जुळवून सोडत होती, आणि बाकीचे भिंतीशी बसून उगाच सूचना करत होते. मला कुणी हाक मारली नव्हती. माझ्याच अंगणात, माझ्याच सांदीतला वाख काढून, मला न विचारता काम सुरू झालं होतं. एरवी असल्या आगाऊपणाबद्दल मी एकेकाला फैलावर घेतलं असतं. आज चौकटीला टेकून गुमान बघत राहिले.

आमच्या वर्धेकडे शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अंबाडी असायचीच. पावसाळ्यात तिच्या कोवळ्या पानांची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाचं तेल. दिवाळीनंतर खोडं डोहात कुजत घालायची आणि सोलून निघालेला वाख वर्षभर आढ्याला टांगून ठेवायचा. पोळ्याआधी त्याचेच नवे कासरे वळले जायचे. आता बैल कमी झाले, नायलॉनचा दोर बाजारात हवा तेवढा मिळतो, आणि अंबाडी भाजीपुरती उरली. पण अंगणात वळला जात होता तो दोर बैलांसाठी नव्हताच. तो गणपतीच्या मिरवणुकीसाठी होता. मिरवणुकीला अंबाडीचा दोर कशाला लागतो, हे तुम्हाला सांगायचं तर काही वर्षं मागं जावं लागेल.

आमच्या गावात देवळाकडून नदीकडे जाणारा रस्ता जिथे वळतो, तिथे कोपऱ्यावर मशीद आहे. गणपती नदीवर जायचा तो या वळणावरूनच, आणि ईदचा जुलूस देवळाच्या पारावरून. असं किती पिढ्या चाललं असेल कोण जाणे, कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मग एका वर्षी वळणावर ढोल जास्तच वेळ थांबला. कुणी काही बोललं, कुणी त्याला उत्तर दिलं, कुठून तरी दगड आला आणि बघायला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याच्या कपाळाला खोक पडली. जखम लवकर भरली, पण गाव भरून यायला तयार नव्हतं. माणसं एकमेकांची दुकानं टाळू लागली. शाळेत एका बाकावर बसलेली मुलं समोरून आली की मोबाईलमध्ये डोकं घालू लागली.

त्याच दिवसांत दोघंजण माझ्याकडे आले. एक मुलगी, गोड गळ्याची, देवळात भजनाला बसणारी. तिचे वडील गणपती मंडळाचे अध्यक्ष. दुसरा तिच्याच वर्गात शिकलेला मुलगा, पाच वेळच्या नमाजाला चुकायचा नाही. त्याचे चाचा मशिदीच्या कमिटीत. दोघं ओसरीच्या पायरीशी अवघडून उभे राहिले. मुलगी म्हणाली, "काकू, आम्हाले बसाले जागा पाह्यजे. देवळात बसलो तं हे येत नाई, मशिदीत बसलो तं आम्ही जात नाई."

मी उमेदीची सगळी वर्षं सूतकताईच्या केंद्रात मुलींना सूत काढायला शिकवत घालवली. ओसरी मोठी, घरात माणूस मी एकटी. म्हटलं, बसा. दर आठवड्याला बैठक सुरू झाली. पहिल्या बैठकीत मी शांतता, बंधुभाव वगैरेवर बोलायला गेले आणि अर्ध्या घटकेत सगळे जांभया द्यायला लागले. माझं भाषण मलाच कंटाळवाणं वाटत होतं, त्यांचा काय दोष! मग मी बोलणं सोडलं आणि त्यांना म्हटलं, आपापल्या घरी जे म्हणतात ते म्हणा, बाकीच्यांनी फक्त ऐका. कुणी हरिपाठ म्हटला, कुणी बुद्धवंदना, त्या मुलानं कुराणातली छोटी आयत म्हटली, आणि एका मुलीनं तिच्या आजीचं गोंडी गाणं म्हटलं. गाण्याचा अर्थ तिलाही पुरता ठाऊक नव्हता. पण ऐकताना सगळे ताठ बसले होते, परीक्षा असल्यासारखे. मला माझं लहानपण आठवलं. आई नवस फेडायला गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला न्यायची. मी तिथले सुपारीएवढे गोटे वेचून ओटीत भरायची, शेजारी कुणाची आई कुठल्या देवाची हे कधी मनातही यायचं नाही. या मुलांना मात्र तेवढंही पायरीपायरीनं कमवावं लागत होतं.

कोंडी फुटली ती वाखामुळे. पोळ्याच्या आधी मी शेजाऱ्याच्या बैलांसाठी कासरे वळायला घेतले होते, बैठकीला आलेल्या मुलांना म्हटलं, नुसते बसता काय, हात लावा. एका टोकाला ती मुलगी, दुसऱ्याला तो मुलगा. दोर वळताना टोकावरच्या माणसांना एकमेकांकडे बघितल्याशिवाय गत्यंतर नसतं. एकानं घाई केली की मधेच वेटोळी पडतात, एकानं ढिलाई केली की पदर सुटतात. "हळू कर ना!" "तूच भराभरा करून राह्यली!" करता करता दोघं भांडायला लागले, अगदी मोकळेपणानं, जसे शाळेत भांडत असतील. कितीतरी दिवसांनी त्या ओसरीत कुणी कुणाशी सांभाळून न बोलता बोललं. त्या भांडणातूनच कल्पना निघाली. गणपतीच्या मिरवणुकीत वळणावर मशिदीच्या बाजूनं गर्दी आवरायला दोर धरायचा तो मुसलमान पोरांनी, आणि ईदच्या जुलूसात पारावर दोर धरायचा तो हिंदू पोरांनी. आणि दोर हाच, सगळ्यांनी मिळून वळलेला.

कल्पना चांगली होती, पण मोठ्यांच्या गळी उतरायला हवी होती. मुलानं चाचांना सांगितलं की, शेजाऱ्याचा देव आपल्या दारावरून जातो तेवढा वेळ तो आपल्याकडे अमानत, विश्वासानं सोपवलेली ठेव, असतो, आणि अमानत सांभाळणं आपल्या दीनात, धर्मात, सांगितलं आहे. चाचा हो म्हणाले. मुलीची वाट अवघड होती. वडील माणूस सरळ, पण जिभेला धार. दगड आला त्या वर्षी त्यांनीच मंडळाच्या पोरांना कसंबसं आवरलं होतं आणि त्याचा राग अजून पोटात होता. त्या संध्याकाळी मी तिच्या घरीच होते. ती म्हणाली, "बाबा, तुमीच म्हणता का गणपती विघ्न हरते. मंग आपण त्याच्यासंगं विघ्न घेऊन काऊन जाचं?"

वडिलांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे. वळण तुमच्याकडं देलं. पण एकही माणूस दोराच्या पलीकडं गेला ना, तं तुमची बैठक त्या दिवशी बंद. अन् तुवं घराबाहेर पडनंही बंद."

एवढं सगळं त्या एका दोराला बांधलं गेलं होतं. बैठकीत त्यानंतर दुसरा विषय नव्हता. ढोल कुठे थांबवायचा, पुढे कोण, मागे कोण, पाणी कोण देणार. मिरवणूक दिवस बुडायच्या आत वळण ओलांडेल, आणि उशीर झालाच तर अजान संपेपर्यंत वाद्यं बंद ठेवायची, इथपर्यंत सगळं ठरलं. मी कौतुकानं ऐकत होते. या हुशार पोरांच्या, आणि माझ्याही, एक गोष्ट डोक्यात आली नाही.

विसर्जनाच्या दिवशी उशीर झालाच. घरोघरच्या बाया आरतीचं ताट घेऊन उभ्या, आणि अध्यक्ष कुणाला नाही म्हणणार? मिरवणूक वळणाशी आली तेव्हा नदीकडचं आभाळ तांबडं झालं होतं. मशिदीच्या बाजूनं आमचा दोर ताणलेला, पोरं ओळीनं तो धरून उभी. मुलीनं हात वर केला, ढोल थांबला. सगळं ठरल्यासारखं झालं आणि मगरिबची, सूर्यास्ताच्या नमाजाची, अजान सुरू झाली. तेव्हा दोर धरलेली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. अजान म्हणजे वाद्यं बंद, एवढंच आम्ही घोकलं होतं. दोर ज्यांनी धरलाय त्यांनाच नमाजाला जायचं असतं, हे ना आमच्या पोरांच्या लक्षात आलं होतं ना त्यांच्या. आमच्या लेखी नमाज ही वाटेतली अडचण होती आणि त्यांच्या डोक्यात दिलेल्या शब्दाशिवाय काही उरलं नव्हतं.

मागच्या गर्दीला पुढे काय झालं हे कळत नव्हतं. ती रेटा देत होती. मुलगी त्याच्याजवळ धावली. "जाय ना तू! वक्त निघून जाईल!"

"मी शब्द देल्ला हाये," तो म्हणाला. "दोर सोडला अन् कोनी इकडं घुसलं, तं? तुही बैठक जाईन, तू घरात बसशीन."

"अन् नमाज?"

त्यानं दोर मुठीभोवती आणखी एकदा गुंडाळला. त्याचे डोळे भरून आले होते. मशिदीच्या पायरीवरून त्याचे चाचा बघत होते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून तिचे वडील. वडील खाली उतरले आणि गर्दी बाजूला सारत आले. मला वाटलं, संपलं सगळं. मी जागच्या जागी गणपतीलाच हात जोडले.

गुलालानं माखलेला हात त्यांनी दोरावर ठेवला. "जाय बापू," ते म्हणाले. "नमाज पढून ये. तोवर दोर मी धरतो."

मुलाची मूठ सुटेना.

"काऊन? माह्यावर भरोसा नाई का?"

त्यानं दोर दिला. अध्यक्षांनी धरला म्हटल्यावर मंडळाची माणसं एकेक करून पुढे आली आणि प्रत्येक पोराच्या हातातला दोर आपल्या हातात घेत गेली. अध्यक्षांनी मागं वळून आरोळी दिली, "बसा रे सारे खाली! पोट्टे नमाज पढून येऊन राह्यले!" आणि अख्खी मिरवणूक, ढोलवाल्यांसकट, रस्त्यावर मांडी घालून बसली. ट्रॉलीवर गणपतीसमोरची उदबत्ती जळत होती. कुणाच्या तरी लेकरानं पिपाणी वाजवली तर त्याच्या आईनं ती काढून घेतली. आतून नमाजाचा आवाज येत होता. पोरं परत आली तेव्हा त्यांचे चेहरे अजून नमाजाआधीच्या वजूच्या पाण्यानं ओले होते. मागोमाग चाचा पाण्याची बादली आणि गिलास घेऊन आले आणि बसलेल्यांना पाणी देत फिरले. मुलानं दोर हातात घेतला, तर त्याच्या ओल्या तळव्याला गुलाल लागला. मुलगी रडत होती आणि डोळे पुसत नव्हती. त्या क्षणी मला या पोरांचा इतका अभिमान वाटला की छाती दुखायला लागली. अध्यक्षांचाही वाटला, तो मात्र त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.

त्यांनी लेकीला शाबासकी वगैरे काही दिली नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हे. गणपती नदीत बोळवून परतताना एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी दोर लांब वळजो. मांगच्यांले पुरला नाई." आणि पुढे ईदच्या जुलूसात देवळाच्या पारावर ते स्वतः पोरांसोबत दोर धरून उभे राहिले, वर दोर धरणाऱ्यांना सरबत शेवटी मिळालं म्हणून कुरकुरलेही.

ती मुलगी आता नागपुरात नोकरी करते. मुलाचं पुलगावला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. विसर्जनाला दोघं येतात, पण दोर त्यांच्या हातात नसतो, तो नव्या पोरांकडे गेला आहे. मिरवणूक आता दिवस बुडायच्या आत वळण ओलांडायची घाई करत नाही. आरत्या अशा निवांत होतात की वळणाशी पोचायला बरोबर मगरिबची वेळ यावी. अजान झाली की पोरं दोर मंडळाच्या हाती देतात आणि मिरवणूक खाली बसते. बाया त्या वेळेसाठी घरून सतरंज्या आणतात. आमची चूक होती ती, पुरती फजिती, आणि गावानं तिची रीत करून टाकली.

आज सकाळी पदर जुळवणारी ती मुलगी मला दारात बघून थांबली. वाखाचे तंतू चिकटलेले हात ओढणीला पुसत म्हणाली, "काकू, आपल्या गावात पह्यलेपासून असंच आहे ना? नमाजच्या वक्ताले मिरवणूक बसते अन् दोर मंडळवाले धरते?"

तिचा तरी काय दोष, ती तेव्हा एवढीशी असेल. म्हाताऱ्याची खोक, टाळलेली दुकानं, बापाची अट, त्या मुलाची न सुटणारी मूठ, सगळं माझ्या ओठांवर आलं. हे सगळं पोरांनी मिळवलं होतं आणि त्याचं श्रेय त्यांना मिळावं असं मला फार वाटतं. पण तिच्या तोंडावर शंकेचा मागमूस नव्हता. ज्या गावात असंच असतं, त्या गावात ती वाढली होती. तिला तसं गाव देण्यासाठीच तर त्या दोघांनी जिवाचा आटापिटा केला होता.

"हाव," मी म्हटलं, "पह्यलेपासूनच."

"पाह्य, मी म्हटलं नवतं का!" ती टोकावरच्या पोराला ओरडली, आणि दोन्ही टोकांवरचे पुन्हा पीळ भरायला लागले.