दादाचं टोक

खेळाच्या पगारावर घर चालवणाऱ्या दादाचं मैदानातलं टोक ठरलेलं होतं: वारा समोरून येईल ते. वारा पाठीवर घेऊन धावायचा मान संघातल्या खऱ्या वेगवान गोलंदाजाचा. दादा पडला मध्यम वेगाचा. त्याने डोळ्यांत धूळ घेत, एकाच टप्प्यावर चेंडू टाकून फलंदाजाला जखडून ठेवायचं. मग तो वैतागलेला गडी पलीकडच्या टोकाच्या त्या वेगवान गोलंदाजाला आयता मिळायचा.

बायकोचा नुसता जळफळाट व्हायचा. "राब राब राबायचं तुम्ही आणि कौतुक त्याचं! मूग गिळून काय बसता? मागा की ते टोक एकदा."

"बघू," म्हणत दादा बुटातली माती झटकायचा.

त्याच्या शेवटच्या सामन्यात तरुण कप्तानाने आपणहून चेंडू त्याच्या हातात ठेवला. "दादा, आज वारा तुमच्या पाठीशी. हक्कच आहे तुमचा."

प्रेक्षकांत बायको पदर सावरून ताठ बसली. दादा धावला. वाऱ्याने मागून असं रेटलं की पाऊल रेषेच्या पुढेच पडलं. नोबॉल. पुढचाही नोबॉल. त्यानंतर तर तो तोंडघशी पडता पडता वाचला. बायकोने कपाळाला हात लावला.

षटक कसंबसं उरकून दादा कप्तानाकडे गेला.

"बाबा रे, माझं टोक मला परत दे. इथे अंग टेकायला समोर वाराच नाही."