मामीचा खोकणारा एंटिना

आमच्या मामीच्या घरातला एंटिना श्वास घ्यायचा, तंबाखू खायचा आणि बातम्या लागल्या की हमखास खोकायचा. तो खोकला की पडद्यावरची बातम्या देणारी बाई कमरेतून वाकडी व्हायची. हे मी ज्याला सांगतो तो माझ्याकडे संशयाने बघतो. बघू दे. मी स्वतः पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातली पिशवी कधी खाली पडली आणि तोंड कधी उघडलं, मला कळलं नाही. कारण तो एंटिना म्हणजे माझा सख्खा मामा होता.

तीर्थपुरीच्या अलीकडे आमचं आजोळ. मामी म्हणजे तिथली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. तिने अंगणातून हाक मारली की पार वाटूर फाट्यावर उभी एसटी मागून हॉर्न वाजला समजून पुढे सरकायची. पण या आवाजाला घरात एका माणसापुरती बंदी होती. मामीची माहेरून आलेली शेळी मामाने तिला न विचारता बाजारात नेऊन विकली, तेव्हापासून मामी मामाशी बोलत नव्हती. एक शब्द नाही! मामाही जन्मभर मेंढरांमागे हिंडलेला, त्यामुळे स्वभावाने एडकाच. "तिला बोलायचं न्हाई तर मी कशाला बोलू?"

मी जालन्याला बियाण्याच्या दुकानात कामाला होतो. सुट्टीला गेलो की त्या घरातला सगळा कारभार माझ्या तोंडून चालायचा. मामी म्हणायची, "भाचेबुवा, त्यांना म्हणावं भाकर वाढलीय." मामा माझ्या मांडीला मांडी लावून बसलेला. तो म्हणायचा, "तिला म्हणावं, कोरड्यास तिखट झालंय." मी नसलो तर निरोप भिंतीला, भिंत लांब असली तर कुत्र्याला. एकदा मामीने मामासाठीचा निरोप म्हशीजवळ दिला आणि शपथेवर सांगतो, म्हशीने मान हलवली.

अशा घरात मामीने टीव्ही आणला. बाहेर बांबूवर एंटिना लावला, तो वानरांनी लगेच झोका करून टाकला. पत्र्यावर लावला, तर वानरांच्या पोरांची घसरगुंडी झाली. मामीने ठरवलं, आता एंटिना घरातच. मला घेऊन अंबडला गेली आणि दुकानातले घरात ठेवायचे सगळे एंटिने तिने मडकं निवडावं तसे बोटाने टणटण वाजवून पाहिले.

दुकानदार कळवळला, "मावशी, वाजवून काय कळतंय त्याच्यात?"

"याचा आवाज बद्द येऊन राह्यला. दुसरा दाखवा."

अखेर दोन लांब काड्यांचा एक पसंत पडला. घरी आणून लावला, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. मामीने तो खिडकीत ठेवला, फळीवर ठेवला, धान्याच्या कणगीवर ठेवला. मुंग्या हलेनात. मग तिने स्वतःचा एंटिना बनवायला घेतला. छत्रीच्या काड्या गेल्या, सायकलची रिम गेली, जळालेल्या मोटारीची तांब्याची तार गेली, मामाची लोकर कातरायची कातरही गेली. तिच्या एका एंटिन्यावर टीव्ही सोडून सगळं लागलं. मला तर त्यात शेजारणीच्या मनातलंही ऐकू आल्यासारखं वाटलं. सगळ्यात शेवटी तिने पितळी परातीला तार गुंडाळली आणि ती कोपऱ्यात भिंतीला टेकवली. तिथे मुंग्यांच्या आड माणसासारखं काहीतरी दिसायला लागलं.

तेवढ्यात मामा तंबाखूची पिशवी घ्यायला उठला आणि तोल सावरायला त्याने परातीवर हात टेकला. झालं! पडद्यावर माणूस आला. नाकाडोळ्यांसकट.

"हलू नका!" मामी ओरडली.

ती मामाला म्हणाली होती. थेट! मी भिंतीला धरून उभा राहिलो. मामाचा चेहरा वीज पडल्यासारखा झाला होता.

"किती येळ?" त्याने विचारलं. तेही तिलाच.

"संपेपर्यंत. जरा अंबडकडं सरका. आता हात तीर्थपुरीकडं. बराबर! तिथंच ऱ्हावा."

त्या दिवसापासून मामा रोज संध्याकाळी परात धरून उभा राहायला लागला. गावात तर्क सुरू झाले. कुणी म्हणालं त्याच्या अंगात लोखंड आहे, कुणी म्हणालं मेंढरांची लोकर अंगात मुरली आहे. क्रिकेटचा सामना असला की मोठ्या घरांतून मामाला बोलावणी यायची. मामी दारात आडवी उभी राहायची. "आमचा एंटिना बाहेर देत न्हाई आमी."

पण नियम कडक होता. परातीवर हात आहे तोवरच बोलायचं. "जरा वाकडे व्हा" म्हणता म्हणता मामी हळूच विचारायची, "गुडघा दुखतो का आज?" मामा पडद्याकडे बघत म्हणायचा, "दुखून राह्यला. तू तेल दे." हात खाली आला की दोन्ही तोंडं बंद, आणि मी पुन्हा कामाला.

मग टीव्हीचा सरकारी टॉवर बंद झाला आणि परातीवर मुंग्याच मुंग्या आल्या. मी मोठ्या उत्साहाने नवा टीव्ही आणला, मागच्या अंगणात डिशची छत्री बसवली, डबा जोडला. असं स्वच्छ चित्र की नटीच्या गालावरची पावडर मोजावी. मी टाळ्यांची वाट बघत मागे वळलो. मामा हात मांडीवर ठेवून बसला होता. मामी भिंतीला म्हणाली, "म्हणावं, जेवून घ्या."

दोन माणसांचा संसार एका परातीवर टेकला होता आणि मी ती काढून आत ठेवली होती!

पुढच्या सुट्टीला भीत भीत गेलो. बघतो तर मामा नव्या टीव्हीच्या मागे हात घालून उभा आणि मामीचं चालू, "जरा दाबून धरा. जेवणात मीठ बराबर होतं का?" मी जाऊन पाहिलं. डब्याची पिन सैल होती. मी ती खटकन आत दाबली.

"मामा, आता सोडा हात. धरायची बिलकुल गरज न्हाई."

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची गाय मारली होती. मामी उठली आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने पिन अर्धी बाहेर ओढली.

"तुला कोणी इचारलं व्हतं, शहाण्या?"

गेल्या वर्षी मामीला जालन्याच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. ज्या आवाजाने एसटी हलायची तो आता पंख्याखाली दबत होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार आशा धरू नका. वॉर्डातला टीव्ही वर भिंतीला ठोकलेला, हात न पोचणारा आणि चित्र एकदम लख्ख. मामाने खाली वाकून, वर बघून तार शोधली. धरण्यासारखं काहीच नव्हतं. तो खाटेजवळ गप्प बसला. मामीही गप्प. मला वाटलं, आता हे असेच गप्प राहणार आणि ती अशीच जाणार. मी घसा खाकरला, "मामी, मामा म्हणतेत..."

"तू सरक," मामा म्हणाला. आणि मामीकडे बघून विचारलं, "लई दुखतं का गं?"

रिकाम्या हाताने! मामी माझ्याकडे वळली. "त्यांना म्हणावं..." एवढं सवयीने म्हणाली आणि थांबली. मग मामालाच विचारलं, "माझी शेळी का विकली मला न इचारता?"

"चुकलं माझं."

मी खुर्चीवरून पडायचाच राहिलो. हा शब्द त्या घराचा निरोप म्हणून मला एकदाही पोचवायला मिळाला नव्हता.

"आता सांगून राह्यले?" मामी उसळली.

"तू कवा इचारलं व्हतं?"

"मी कशाला इचारू? शेळी माझी!"

आणि जे भांडण जुंपलं! बाकीच्या रोग्यांनी टीव्हीचा आवाज कमी करायला लावला, ऐकू यावं म्हणून. सिस्टरने मला बाहेर काढलं. भांडत ते होते आणि बाहेर मी!

त्याच आठवड्यात मामी गेली. शेवटचं जे बोलली ते मामाच्या कानात बोलली. काय बोलली, मामा सांगत नाही. त्या घरातला एकेक शब्द माझ्या तोंडून गेला, आणि नेमका हा एक मला कळू नये? मी चिडून विचारतो, पुन्हा पुन्हा विचारतो. मामा तंबाखू मळत म्हणतो, "ते आमचं आमचं हाय."