हिरव्या दोऱ्याची शिवण

रफूबाईनं लेकीला शब्द दिला होता की गाडी बघायला येईन, पण तोंडातून ब्रसुद्धा काढणार नाही.

हा शब्द लेकीनं सकाळच्या चहाला तिच्याकडून दोनदा घेतला. एकदा साधा आणि एकदा डोळ्यांत डोळे घालून.

"ब्रेक लागले नाहीत तर, टायर फुटला तर, चालत्या गाडीचं दार उघडलं तर, यातलं काहीही विचारायचं नाही. उसासासुद्धा टाकायचा नाही. कबूल?"

"कबूल गं बाई. कोर्टात उभी केलीस की काय मला?"

"आणि चेहरा नीट ठेव."

"आता चेहऱ्याला काय झालं?"

"तू गप्प असलीस तरी तो बोलतो."

लेकीचं चुकत नव्हतं. औषधांच्या दुकानाशेजारच्या जिन्याखाली रफूबाईचं शिलाई मशीन होतं. फाटलेल्या पँटी, तुटलेल्या चेनी, दप्तरांचे बंद, जे येईल ते ती शिवून द्यायची. फाटलं कुठं होतं ते मालकालाही सापडू नये असा तिचा हात, म्हणून गल्लीनं नाव ठेवलं रफूबाई. पण हीच नजर घरी आली की नसलेली भोकंही तिला दिसायची. लेक लहानपणी पोहायला जाऊ लागली, तर पहिल्याच दिवशी ही काठावरून एवढी ओरडली की शिकवणाऱ्या बाईंनी दोघींना घरी पाठवलं. कॉलेजच्या सहलीच्या आदल्या दिवशी हिनं बस उलटल्याची बातमी कापून लेकीच्या ताटाशेजारी ठेवली. सहल गेली, लेक घरी राहिली. परगावच्या नोकरीचंही तसंच झालं. लेक या गोष्टी कधी बोलून दाखवत नसे, आणि म्हणूनच रफूबाईला त्या जास्त लागत.

आता लेक फिजिओथेरपिस्ट होती. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचं काम दवाखान्यात निघालं होतं. घरं लांब लांब, बरोबर घडीचा पलंग न्यायचा. तो घेऊन बसमध्ये कोण चढू देणार? ज्याची स्वतःची गाडी त्यालाच काम, असं वरिष्ठांनी सांगितलं होतं, आणि सोमवारी नाव द्यायचं होतं. आज रविवार. लेकीच्या बचतीत बसेल अशी एकच गाडी सापडली होती: दुधी रंगाची, छोटीशी, सात वर्षं वापरलेली.

जुन्या गाड्या विकणाऱ्याचं आवार पेट्रोल पंपाच्या मागं होतं. गाडीवाला बोलायला गोड, आणि बोलताना गाडीच्या टपावर असा हात फिरवी की जणू घरची गाय.

"ताई, एका शाळामास्तरांची गाडी. शाळा ते घर, घर ते शाळा. चाळीसच्या वर काटा गेला नाही कधी. मावशी, बघा की तुम्ही पण!"

मावशींनी मान हलवली आणि ओठ घट्ट मिटले.

"मावशी अबोल दिसतात."

"आज आहेत," लेक म्हणाली.

लेकीनं बॉनेट उघडायला लावलं, टायर चाचपले, तेलाची कांडी पुसून पुन्हा बुडवून पाहिली. महिनाभर याच गोष्टी ती मैत्रिणीच्या नवऱ्याकडून शिकत होती. रफूबाई बाजूला उभी राहून पर्सच्या बंदाला पीळ घालत होती. मग चालवून बघायची वेळ आली. लेक चालवायला बसली, शेजारी गाडीवाला, आणि रफूबाई मागं, लेकीच्या पाठीशी.

गाडी आवाराबाहेर पडली. लेक चांगली चालवत होती, रफूबाईला कबूल करावंच लागलं. हात स्थिर, आरशात नजर. एक ट्रक घासून गेला तेव्हाही रफूबाईनं उसासा टाकला नाही. हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून ती पुढच्या सीटचं कव्हर चाचपू लागली. नवंकोरं, स्वस्तातलं कव्हर, शिलाई सैल. बोटं शिवणीवरून खाली खाली गेली आणि सीट नि दार यांच्या फटीत, कव्हरच्या झालरीखाली, लेकीच्या सीटबेल्टला लागली. जिथं तो पट्टा तळाशी पक्का बसवलेला असतो, त्याच्या वीतभर वर.

तिथं पट्टा जाड होता.

बोटं थांबली. तीन बोटं रुंदीचा एकावर एक चढवलेला जोड. चौकोनी शिलाई, मधोमध फुली, कडेला तीन उलट टाके. डोळ्यांच्या आधी हातांनी ओळखलं.

हे काय मनात आलं? हे तुझं नेहमीचंच, तिनं स्वतःला बजावलं. नसलेली भोकं दिसण्यातलंच. जगात चौकोनी शिलाई काय तू एकटीच घालतेस? पण मनात पाल चुकचुकायची थांबेना.

"आता मोकळा रस्ता आहे ताई, दाबा जरा," गाडीवाला म्हणाला. "उचल बघा कशी आहे!"

गाडीनं वेग घेतला. रफूबाई वाकली. पर्स पडल्याचा बहाणा करून तिनं पट्टा फटीतून बाहेर ओढला, उलटा केला.

वरचा दोरा करडा होता. खालचा गर्द हिरवा.

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर तिच्याकडं हिरव्या गणवेशांचा ढीग पडलेला असे. अशाच एका आठवड्यात एक माणूस आला होता, ग्रीसनं नखं काळी झालेला. पिशवीतून त्यानं पट्ट्याची फक्त दोन टोकं बाहेर काढली. "सामान बांधायचा पट्टा आहे ताई, एकदम मजबूत शिवा." तिनं वरचा दोरा पट्ट्याच्या रंगाचा घातला, खालच्या बॉबिनमध्ये हिरवा होता तोच राहू दिला. खाली कोण बघतंय? टोकं तिरकी कापलेली होती, कुणीतरी घाईघाईनं धारदार पात्यानं कापावीत तशी. तेवढं तिच्या नजरेत भरलं होतं. पिशवीत काय आहे हे मात्र तिनं पाहिलं नाही.

आणि आता ती शिवण लेकीच्या कमरेला होती.

"आता ब्रेक बघा," गाडीवाला म्हणत होता. "हलकेच दाबू नका, जोरात दाबा. जागच्या जागी थांबते गाडी. मागं कुणी नाही, मारा!"

"थांब!" रफूबाई म्हणाली. पण शब्द नुसता हवेसारखा निघाला. तिनं दोन्ही मुठींत तो जोड आवळून धरला.

लेकीनं ब्रेक मारला. टायर किंचाळले, रफूबाईचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं, पट्टा मुठीतून ताणला गेला, आणि तिच्या करंगळीखाली दोरा तटकन तुटला. एकच. पण तिला तो स्वच्छ कळला.

"बघितलंत?" गाडीवाला हसत होता. "आहे की नाही?"

"उतर," रफूबाई म्हणाली. या वेळी आवाज आला. "गाडी बाजूला घे आणि उतर."

आरशात लेकीचे डोळे दिसले. "आई, तू शब्द दिला होतास."

"दिला होता. तू उतर."

"अहो मावशी, पहिल्यांदा असं होतं, घाबरायला होतं..."

"तुम्ही गप्प बसा हो!"

लेकीनं गाडी कडेला घेतली. उतरून दार जोरात लावलं आणि दोन पावलं लांब जाऊन पाठमोरी उभी राहिली. रफूबाई मागच्या दारानं उतरली. लेकीच्या मानेवरून तिला समजलं की ती रडू आवरते आहे, आणि हे रडू पोहण्याचं, सहलीचं, नोकरीचं, सगळ्याचं मिळून होतं.

"सोमवारी नाव द्यायचंय मला," लेक तशीच म्हणाली. "एकच गोष्ट मागितली होती तुझ्याकडं."

"मला शिव्या दे, मी ऐकते. पण आधी इथं बघ."

"काय बघू? गंज? ओरखडा?"

"पट्टा बघ."

गाडीवालाही उतरला होता. लेक नाइलाजानं वाकली. रफूबाईनं जोड उलटा करून धरला. लेक आधी नुसतीच बघत राहिली, मग तिनं त्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. शाळांच्या दिवसांत सुट्टीच्या दुपारी तीच आईच्या शेजारी बसून त्या हिरव्या गणवेशांना बटणं लावायची.

"हा आपला दोरा," ती म्हणाली.

"टाकाही आपलाच. हे तीन उलटे बघ."

"असेल बुवा कुठल्यातरी मशीनचा टाका," गाडीवाला मध्येच म्हणाला. "मावशी, तुम्हाला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं काही कळत नाही मला. पण हा पट्टा कापलेला होता. तुमचा माणूस तो माझ्याकडं घेऊन आला होता, काळ्या नखांचा. सामान बांधायचा म्हणाला होता."

गाडीवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर कुठं जावं ते न कळल्यासारखं झालं. मग त्यानं ते परत आणलं. "मग तर झालंच की! घरचंच काम! एवढी मजबूत शिलाई बाजारात मिळायची नाही."

लेकीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. ती आईकडं बघत होती. "कशाचा पट्टा, विचारलं नाहीस?"

"विचारलं नाही. त्यानं सांगितलं ते ऐकलं."

"पिशवीत बघितलं नाहीस?"

"नाही."

"तू?" लेक म्हणाली. "तू बघितलं नाहीस?"

ढीग मोठा होता, दुपार झाली होती, माणूस घाईत होता. रफूबाईनं पर्स उघडली आणि टाके उसवायची छोटी कात्री काढली.

"अहो, काय करता? अहो!"

"माझं काम आहे, मी उसवते."

"गाडीला हात लावायचा नाही! नुकसान भरून द्यावं लागेल, सांगून ठेवतो!"

लेक मध्ये येऊन उभी राहिली. "बोलवा कुणाला बोलवायचं त्याला. त्यालाही दाखवू हा पट्टा, आणि विचारू कुठल्या अपघातात कुणी कापला ते. त्या शाळामास्तरांनाच बोलवा की."

गाडीवाल्यानं खिशातून फोन काढला, हातात धरला आणि परत खिशात ठेवला.

रफूबाई रस्त्याकडेला गुडघ्यांवर बसली. घट्ट शिवण होती, तिची तिलाच जड गेली. एकेक टाका कापताना दोनदा कात्री बोटाला लागली. शेवटी जोड सुटला आणि पट्ट्याची दोन टोकं वेगळी झाली. तिरकी कापलेली. वरच्या टोकाची कड तपकिरी पडली होती. तेव्हा तिनं तो तेलाचा डाग समजला होता.

बसथांब्यापर्यंत दोघी चालत गेल्या. गाडीवाल्यानं गाडी परत नेली, पट्टा न लावता, जाताना मागं न बघता. थांब्यावर ऊन होतं. लेकीनं आईचं बोट आपल्या रुमालानं बांधलं. गाठ नेहमीसारखी नीटनेटकी मारली.

"उद्या काय सांगशील?" रफूबाईनं विचारलं.

"गाडी नाही म्हणून सांगेन."

"मग काम?"

"दुसऱ्याला देतील." मग ती म्हणाली, "आई, तुझ्यामुळं गेलं असं नाही म्हणत मी."

"म्हटलंस तरी चालेल."

"आज नाही म्हणत."

बस यायचं नाव घेईना. लेक रस्त्याकडं बघत होती. ज्या सीटवर ती मघाशी बसली होती त्या सीटचाच विचार करत असावी, कारण तिनं विचारलं, "कोण असेल गं? तिथं?"

रफूबाईच्या डोळ्यांसमोर एका क्षणात दहा चित्रं उभी राहिली. तिच्या मनाला यासाठी कधी वेळ लागत नसे. तिनं ती एकेक करून बाजूला सारली. मग उरलं ते फक्त टोक, तिरकं कापलेलं, जसं तिनं त्या दिवशी हातात घेतलं होतं.

"कुणीतरी लवकर बाहेर काढलं त्याला," ती म्हणाली. "बकल उघडत बसायलासुद्धा थांबले नाहीत. एवढी घाई जिवंत माणसासाठीच करतात."

लेकीनं तिच्याकडं निरखून पाहिलं. "हे तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस?"

"तो काप माझ्या हातात होता," रफूबाई म्हणाली.

लेकीनं रुमालाची गाठ पुन्हा एकदा चाचपली आणि आईचा हात सोडला नाही.