सात टॅब कुणाकडे

पिशवी प्रशासक मॅडमनी माझ्या हातातून घेतली आणि टेबलावर उलटी केली. डबा पडला, झाकण निघालं, नाचणीची भाकरी आणि ठेचा हजेरीपत्रकावर सांडला. ओढणी. एसटीचा पास. पॅडचं अर्धं संपलेलं पाकीट. मॅडमनी ते पाकीट पेनाच्या टोकानं सरकवलं, खाली काही आहे का बघितलं, आणि पुन्हा सरकवलं. कार्यालयात नऊ माणसं होती. एकानंही नजर बाजूला वळवली नाही.

संस्थेचे सचिव खुर्चीतूनच म्हणाले, "तपासलेलं बरं. डोंगरातल्या पोरींना या वस्तूंची लई नवलाई असते."

कुणीतरी हसलं. मीही हसले. हे सांगताना अजून तोंड कडू होतं. माझी पिशवी उलटी केली, आणि मी हसले.

मंचरच्या एका शिक्षण संस्थेत मी नोकरीला होते. संस्थेच्या शाळा वर, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात. एका कंपनीनं तिथल्या मुलांसाठी टॅब दिले होते. कुठला टॅब कुठल्या शाळेत, कुणाच्या ताब्यात, चालू की बंद, हे आधी एका वहीत असायचं आणि एकाचं अक्षर दुसऱ्याला लागायचं नाही. मी ते सगळं ॲपवर आणलं. मला कोडिंग येत नाही. पण असे ॲप मिळतात, त्यात तक्ते करायचे, एकमेकांना जोडायचे, वर फॉर्म मांडायचा. व्हिडिओ बघत बघत शिकले. प्रत्येक टॅबला स्टिकर लावला, त्यावर मोबाइल धरला की त्या टॅबची सगळी कुंडली समोर. आहुप्याच्या शाळेतले गुरुजी फोनवर म्हणाले होते, "पोरी, लई झ्याक काम केलंस." आहुपे माझंच गाव. त्या कामाचा मला अभिमान होता आणि अजून आहे.

ॲपमध्ये एक रकाना होता, 'कुणाकडे'. तो रिकामा ठेवला तर नोंद पुढं जायचीच नाही, तसं मीच करून ठेवलं होतं. पहिल्याच महिन्यात मॅडम म्हणाल्या, "एक टॅब साहेबांच्या गाडीत ठेव. नातीला हवाय." साहेब म्हणजे सचिव. मी टॅब ठेवला आणि रकान्यात साहेबांचं नाव लिहिलं. मॅडमनी स्क्रीन बघितली आणि चरकल्या.

"अगं, साहेबांचं नाव असं टाकतात का? काही रीत असते. 'कार्यालय' लिही."

मी लिहिलं. मला ते पटलंसुद्धा. माझी आई अजून वडिलांचं नाव घेत नाही. आमच्याकडं थोरल्या माणसाला नावानं कुणी हाक मारत नाही. मला वाटलं, हेही तसंच असेल, मानाचं. मग एक टॅब मॅडमच्या मुलीला गेला, एक साहेबांच्या जावयाला, एक त्यांच्या मेहुण्याला. असे सात. सातही वेळा मी मुकाट्यानं 'कार्यालय' लिहिलं. आणि कार्यालयातल्या वस्तूंची जबाबदारी कागदोपत्री माझी होती, खाली माझी सही होती.

कंपनीची माणसं मोजणीला येणार म्हणून आम्ही आधी मोजदाद केली. कपाटात सात कमी. कुठं आहेत ते साहेबांना ठाऊक होतं. मॅडमना ठाऊक होतं. तरी माझी झडती झाली. ज्यांच्या घरात ते टॅब चालू होते त्यांनीच घेतली. त्यांनी वस्तू नेल्या याची मला एवढी किळस येत नाही. माझं सामान उचकताना त्यांचे चेहरे किती सरळ होते, त्याची येते.

पिशवीत काही निघालं नाही. माफी वगैरे काही नाही. टेबलावरचा ठेचा मीच पुसला. मग मॅडमनी मला बाजूला नेलं आणि खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या सेंटचा वास नाकात बसला.

"हे बघ, तुझ्यावर कुणाचा राग नाही. सातही टॅब आहुप्याच्या शाळेत हरवले असं टाक. तिथं कोण विचारतंय? पोरंच ती. फोडले असतील, टाकले असतील कुठंतरी."

ती पोरं टॅब हातात घेण्याआधी हौदावर हात धुतात आणि सदऱ्याला पुसतात. मी डोळ्यांनी बघितलंय. 'हरवले' असं एकदा लागलं की कंपनी त्या शाळेला पुढं काही देणार नाही, हेही मॅडमना माहीत होतं. आधी मला चोर केलं. आता म्हणत होत्या, तो डाग तुझ्या गावाच्या पोरांना लाव, म्हणजे तू सुटलीस.

मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. त्यांची घाण वाटत होती आणि माझीही. रीत म्हणून सात वेळा खोटं लिहिणारी मीच होते.

संध्याकाळी आईला फोन केला. रेंजसाठी ती टेकाडावर येते. सगळं सांगितलं.

"आन तू काय केलं?"

"हसले."

आईचा आवाज चढला.

"हसाया काय झालं व्हतं तुला? आमी कुनाचं काय उचललंय का कदी? ज्यानं नेलं त्याचं नाव सांग जा. भ्यायचं न्हाई."

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. सातही नोंदी उघडल्या. मॅडमचे मेसेज फोनमध्ये होते, तारखांसकट. 'कार्यालय' काढलं. पूर्ण नाव, साहेबांशी किंवा मॅडमशी नातं, तारीख, कुणाच्या सांगण्यावरून दिला. आधी काय लिहिलं होतं आणि कुणी बदललं, तेही ॲपमध्ये खाली राहतं. राहू दे. माझा खोटेपणाही दिसू दे. यादी कंपनीला पाठवली, सगळ्या शाळांच्या मुख्याध्यापकांना पाठवली, आणि छापून एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली. पहिल्या ओळीत त्यांचंच नाव होतं.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"कुठला टॅब कुणाकडे आहे ते."

"काढ हे. आत्ताच्या आत्ता."

त्या कार्यालयात मी दोन वर्षं तोलूनमापून, पुस्तकातलं बोलत आले होते. त्या दिवशी ते जमलं नाही.

"मी न्हाई काढनार. टॅब आनून द्या, मंग 'परत आला' असं लिवते."

मॅडम ओरडल्या, "कुणापुढं बोलतेयस तू?"

"ज्यांच्या घरी टॅब हाय त्यांच्यापुढं."

दुपारपर्यंत माझा पासवर्ड बंद झाला. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. चार टॅब परत आले म्हणे. तीन अजून नाहीत.

आता संस्थेचा निरोप आलाय. 'गैरसमजातून यादी पाठवली' एवढं लिहून दे, परत कामावर घेतो. मी लिहून देणार नाही. उलट मीच लेखी मागितलंय, ज्यांच्यासमोर झडती घेतली त्यांच्यासमोर माझी माफी मागा, आणि उरलेले तीन टॅब शाळेत नेऊन द्या. तोवर मी गावी भात लावीन नाहीतर दुसऱ्या कुठल्या कार्यालयात बसेन. विचारेल त्याला सातही नावं सांगेन. कुणी नाही विचारलं तरी सांगेन.