मास्तरांची डावी बाजू

नर्सने दारातून डोकं बाहेर काढलं आणि मास्तरांच्या बायकोकडे बघत म्हणाली, "मावशी, या आत. काकांना बसू द्या इथेच."

"पेशंट हेच आहेत," बायको म्हणाली.

नर्सने हातातला कागद बघितला, मास्तरांकडे बघितलं, पुन्हा कागद बघितला. मग बाकावरच्या सगळ्या बायकांनीही मास्तरांकडे बघून घेतलं. सत्तरी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा हा माणूस. पोहायला शिकवण्यात जन्म गेलेला. उघड्या अंगाने तलावाच्या काठावर उभं राहून लोकांवर खेकसायची त्यांना सवय. पण त्या बाकापासून दारापर्यंत जाताना त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं.

गाठ त्यांना बऱ्याच महिन्यांपूर्वी लागली होती. डाव्या बोंडाच्या मागे, वाटाण्याएवढी, न दुखणारी. निदान मास्तरांनी स्वतःच करून टाकलं: शिट्टी. गळ्यातली पितळी शिट्टी दिवसभर नेमकी तिथेच आपटते, म्हणून घट्टा पडला असणार. उपाय म्हणून त्यांनी दोरी आखूड केली, शिट्टी उजवीकडे सरकवली आणि विषय संपवला. पुढे बोंड आत ओढलं जायला लागलं, तेव्हाही शिव्या खाल्ल्या त्या शिट्टीनेच. शेवटी बायकोच्या नजरेला ते पडलं आणि तिने त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. तुकडा काढून तपासला, तर स्तनाचा कॅन्सर. पुरुषांना क्वचित होतो, आणि झालाच तर बहुधा उतारवयात, असं सर्जनबाईंनी सांगितलं.

"वा! उभ्या जन्मात सोडतीत साधी बादली लागली नाही मला," मास्तर म्हणाले. "आणि नंबर लागला तो इथे!"

सर्जनबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर चित्र काढून नीट समजावलं. पहिला मार्ग ऑपरेशनचा. डावीकडचा तेवढा भाग बोंडासकट काढायचा, काखेत सगळ्यांनाच बारीक गाठी असतात, त्यातल्या एक-दोन तपासायच्या, त्यात काही निघालं तर आणखी काढायच्या. नंतर काही वर्षं गोळ्या, गरज पडली तर किरणांचा शेक. नुसती गाठ काढून भागेल का, तर पुरुषाच्या छातीत मुळात मांसच कमी, आणि यांची गाठ अगदी बोंडाला चिकटलेली, त्यामुळे मागे ठेवण्यासारखं फार उरत नाही. दुसरा मार्ग, ऑपरेशन टाळून फक्त गोळ्या. काही म्हाताऱ्या माणसांना तेच देतात. आजार दबून राहतो. पण किती काळ, ते सांगता येत नाही.

"तुमचं हृदय चांगलं आहे, फुप्फुसं तर माझ्यापेक्षा चांगली आहेत," बाई म्हणाल्या. "मी ऑपरेशन करा म्हणेन. पण घाई नाही, घरी बोला आणि या."

मास्तरांनी एकच प्रश्न विचारला. "दिसेल का?"

"दिसेल. ती बाजू सपाट होईल आणि आडवा व्रण राहील."

घरी आल्यावर मास्तरांनी निकाल जाहीर केला: गोळ्या. कारण काय, तर हात. काखेत कापाकापी झाली की हात आखडतो, कधी सुजतो, असं बाईच म्हणाल्या ना? मग हात वर जाणार नसेल तर शिकवायचं काय, डुंबायला? मुलीचा फोन आला, तिलाही त्यांनी हेच ऐकवलं. "बाबा, हाताला व्यायाम असतो," ती म्हणाली. "मला व्यायाम शिकवू नकोस," असं म्हणून त्यांनी फोन बायकोच्या हातात कोंबला.

बायकोने त्यांना पुरतं बोलू दिलं. मग भांडी पुसता पुसता म्हणाली, "हाताचं निमित्त झालं. खरं घोडं त्या पाटीपाशी अडलंय."

पाटी तलावाच्या दारात होती, मास्तरांनी स्वतः रंगवलेली: सुती कपडे घालून पाण्यात उतरू नये. शर्ट-बनियनचे धागे सुटून गाळणी तुंबते, म्हणून हा नियम, आणि मास्तर त्याच्यापुढे कुणाचं ऐकायचे नाहीत. ढेरीची लाज वाटणारे, हाडं दिसतात म्हणून कुढणारे, सगळ्यांना त्यांनी शर्ट काढायला लावला होता. पुरुषांच्या सकाळच्या वर्गात एक कारकून आला होता, अंगभर कोडाचे डाग. तो शर्टासकट शिडीवर उभा राहिला आणि मास्तर खाली पाण्यातून ओरडले, "काढ नाहीतर घरी जा!" बराच वेळ तो शिडी धरून उभा होता. मग त्याने शर्ट काढला. आता तो वर्गातला सगळ्यात जुना भिडू होता.

"त्याला कसं सरळ केलं ते घरी येऊन फुशारकीने सांगितलं होतंत मला," बायको म्हणाली.

"कोड वेगळं. हा बायकांचा आजार आहे."

"मग बायकांना विचारा ना, त्या काय करतात ते." तिने फडकं बाजूला टाकलं. "अहो, तुमच्या छातीवर काय दिसतं त्याच्याशी मला काही देणंघेणं नाही. मला तुम्ही हवे आहात. गोळ्यांवर किती वर्षं जातील ते कुणाला ठाऊक नाही. मला भीती वाटते."

इतक्या वर्षांच्या संसारात ती हे वाक्य बोललेली मास्तरांना आठवेना. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले, "हाताचं तेवढं विचारून घेतो परत."

विचारलं. व्यायाम लगेच सुरू केला तर बहुतेकांचा हात पुन्हा वर जातो, लेखी हमी कुणी देणार नाही, असं बाई म्हणाल्या. मास्तरांनी सही केली.

ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठींत काही निघालं नाही. बायकोचा जीव भांड्यात पडला. हात मात्र हट्टी निघाला. मास्तर रोज भिंतीशी उभं राहून बोटं वरवर चढवायचे आणि नवशिक्यांना द्यायचे त्याच शिव्या स्वतःच्या हाताला द्यायचे. एक दिवस बोटं खुंटीपर्यंत पोचली, आणि सर्जनबाईंनी पाण्यात उतरायला परवानगी दिली.

सकाळचा वर्ग काठावर जमला होता. मास्तरांना काय झालं होतं हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. हृदयाचं काहीतरी असावं, अशी कुजबुज होती. मास्तर कपडे बदलायच्या खोलीत जरा जास्तच रेंगाळले. मग शर्ट खुंटीला टांगून, गळ्यात शिट्टी घालून बाहेर आले.

सगळे एकदम इकडेतिकडे बघायला लागले. कारकून तेवढा सरळ बघत राहिला. "मास्तर, हे काय?"

"स्तनाचा कॅन्सर," मास्तर नेहमीच्याच आवाजात म्हणाले, आणि त्यांचा नेहमीचा आवाज म्हणजे पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जाणारा. "बाप्यांनाही होतो. काढून टाकला. बघून झालं असेल तर हातपाय मोकळे करा."

लोक हातपाय हलवायला लागले. मास्तर शिडीकडे वळले. इतके दिवस ज्याच्यासाठी भिंत चढत होते ते पाणी समोर होतं, स्वच्छ, अजून कुणी न ढवळलेलं. त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"मास्तर," मागून वर्गातला बेकरीवाला हळूच म्हणाला. गोलमटोल, सदा हसरा माणूस, पण आत्ता हसत नव्हता. त्याचा हात छातीवर होता. "मला इथे एक गाठ लागते. मला वाटलं, चरबी असेल."

"दुखते?"

"छे, अजिबात नाही."

"माझीही दुखत नव्हती." मास्तरांनी पायरीवरचा पाय मागे घेतला. "कपडे घाल. आपण दवाखान्यात जातोय."

"आत्ता? अहो, पण तुम्ही आजच तर..."

"पाणी कुठे पळून जातंय? शर्ट घाल म्हटलं ना!"

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, कारकुनाच्या हातात ठेवली आणि स्वतःचा शर्ट आणायला गेले.