ओनेझिमची दफननोंद

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गेतान ब्रिझ्ब्वा १८४८ सालची दफनाची वही चाळत होती. दुसऱ्याच कुणाचं काम होतं. मे महिन्याच्या पानावर तिचं बोट थांबलं: जोसेफ-ओनेझिम वेयेत, प्रोस्पेरचा मुलगा, वय चौदा महिने.

तिने नोंद पुन्हा वाचली. मग कपाटातून फेर्नां वेयेतची फाईल काढली.

वंशशोध मंडळाच्या त्या खोलीत गेतान अठरा वर्षं विनामोबदला बसत होती. नवख्यांना ती पहिल्याच दिवशी दटावायची, ‘‘बाप्तिस्म्याची नोंद सापडली म्हणून नाचू नका. आधी पोर जगलं का ते बघा.’’

त्या काळी गावात दरेक मुलाच्या नावात आधी जोसेफ लागे आणि मग धर्मपित्याचं, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळाची जबाबदारी घेणाऱ्याचं, नाव. ओनेझिम हा वेयेत घराण्यातला लाकूडगिरणीवाला काका. प्रोस्पेर आणि मागलोआर या दोघा भावांनी एकाच वर्षी त्यालाच आपापल्या मुलाचा धर्मपिता केलं. त्यामुळे दोन चुलतभाऊ एकाच नावाचे झाले. फेर्नांचे पणजोबा त्यांपैकी एक. त्यांच्या दुसऱ्या लग्नाची नोंद गेतानला मिळाली होती. पण विधुराच्या नोंदीत आईबाप नसतात, वारलेली बायको असते. पहिलं लग्न कुठल्या गावी झालं ते तिने शोधलंच नाही. पणजोबा म्हणून प्रोस्पेरचा मुलगा धरला आणि वंशवृक्ष पुरा केला.

फाईलमध्ये प्रोस्पेरच्या नावाशेजारी पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह होतं. अक्षर तिचंच. वेयेत मंडळींचा मेळावा आठवड्यावर आला होता तेव्हाचं. मेळाव्यात दीडशे माणसांनी उभं राहून तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

समोरच्या टेबलावरून गिस्लेनने मान उंचावली. ‘‘काय गं, भूत दिसलं का?’’

‘‘चौदा महिन्यांचं पोर. माझ्या हिशेबाने त्याला अकरा मुलं झाली.’’

गिस्लेन हसली, मग तिने फाईलवरचं नाव वाचलं. फेर्नांच्या नातीच्या, नोएमीच्या, बाळाचा बाप्तिस्मा येत्या रविवारी होता. वंशवृक्ष पाहूनच त्याचं नाव प्रोस्पेर ठरलं होतं.

‘‘कोण बघायला जातंय आता?’’ गिस्लेन हळूच म्हणाली.

गेतानच्याही मनात तेच आलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकल्यावर तिचे कान तापले. तिने फोन ओढला.

‘‘काय मादाम, आमच्या खानदानात राजा निघाला की काय?’’ ब्याऐंशी वर्षांचे फेर्नां फोनवर नेहमी असंच सुरू करायचे.

‘‘चूक निघाली, मस्यू वेयेत. माझी.’’ तिने सगळं सांगितलं.

‘‘म्हणजे मी ज्याच्या कबरीवर फुलं ठेवली, तो...’’

‘‘प्रोस्पेर तुमच्या पणजोबांचा काका. त्यांचे वडील मागलोआर.’’

‘‘बाळाच्या चांदीच्या पेल्यावर प्रोस्पेर कोरून झालंय.’’

‘‘हो.’’

‘‘चूक कुणाच्या हातूनही होते, मादाम.’’

इथे थांबता आलं असतं. गेतानने प्रश्नचिन्हाकडे पाहिलं. ‘‘नुसती चूक नव्हे. मला तेव्हाच शंका आली होती. मेळावा जवळ होता, म्हणून मी पुढे बघितलं नाही.’’

पलीकडे फेर्नांनी रेडिओ बंद केला.

‘‘हे नोएमीला मी नाही सांगणार,’’ फेर्नां म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा झाला होता. ‘‘तुम्ही सांगा, तोंडावर. वही समोर ठेवून.’’

‘‘सांगते.’’

‘‘आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना?’’

फोन ठेवल्याचा आवाज आला.

गेतानने भिंतीवरच्या मेळाव्याच्या फोटोखाली लावलेली वंशवृक्षाची प्रत उतरवली. मग भेटींच्या वहीत उद्याच्या पानावर पहिलं नाव लिहिलं: नोएमी वेयेत. बुधवारी खोली साडेनऊला उघडते.