मावशीची अकरावी ऑडिशन

आमच्या मावशीबद्दल एक आवई उठली आहे. सुट्टीतल्या नाटकाच्या ऑडिशनला ती स्टेजवर चढली, तीन वाक्यं बोलली, चौथ्याला तिची दातखीळ बसली आणि रडत रडत खाली उतरली म्हणे. सांगणारे तर तिच्या वतीने डोळेही पुसून दाखवतात. साफ खोटं. मावशी रडली नाही, संवाद विसरली नाही, आणि तोंड उघडलं नाही ते तोंडात टाचण्या होत्या म्हणून.

पण टाचण्यांपर्यंत पोचायला जरा मागून यावं लागेल.

मावशी शिवणकाम करते. वाचनालयाच्या इमारतीत खाली तिचं दुकान, वर हौशी नाट्यमंडळाचा हॉल. मधली जमीन लाकडी, त्यामुळे वरच्या तालमीतला शब्दन् शब्द फटींतून गळून तिच्या मशीनवर पडतो. मंडळाची सगळी नाटकं तिला तोंडपाठ आहेत, नटांना नसली तरी. दहा वर्षं तिने ऑडिशनला नाव दिलं आणि दहाही वर्षं तिच्या वाट्याला दुसऱ्यांची काजं-बटणं आली. मंडळाच्या दिग्दर्शकांना सगळे पाठीमागे परंतुसर म्हणतात, कारण ते कुणाला कधी नाही म्हणत नाहीत. आधी मान डोलावून "अद्भुत!" म्हणतात, मग जरा श्वास घेऊन "परंतु..." म्हणतात, आणि त्या परंतुनंतर माणूस चपला शोधायला लागतो. सर मावशीपेक्षा चार वर्षांनी मोठे, तरी तिला मावशीच म्हणतात. आम्ही म्हणतो तसं नव्हे. फरशी पुसणाऱ्या बाईला म्हणतात तसं.

ही आवई उठली त्या वर्षीच्या नाटकात एक म्हातारी घरमालकीण होती. सुट्टी लागते, भाडेकरू आपापल्या घरी निघून जातात आणि ही बसते रिकाम्या खोल्यांशी बोलत. काका जाऊन सहा वर्षं झाली होती. रिकाम्या खोलीशी कसं बोलायचं हे मावशीला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"एवढी एक भूमिका मिळू दे," ती आईला म्हणाली. "मग पुन्हा त्या जिन्याचं नाव नाही काढणार."

मंडळाची रीत अशी की मुख्य पोशाख ऑडिशनच्या आधीच शिवायला टाकायचा. मखमलीच्या कामाला तीन आठवडे लागतात आणि सरांना धीर नाही. घरमालकिणीच्या झग्याचं माप चिठ्ठीवर आलं, वर नाव नव्हतं. "मध्यम बांधा धरलाय हो, कुणालाही बसेल," सर म्हणाले. मावशीने चिठ्ठी वाचली. त्यात होतं, डावा खांदा अर्धा इंच उतरता. असा खांदा तिच्या सगळ्या गिऱ्हाइकांत एकाच बाईचा, सरांच्या बायकोचा. वहिनींचा.

"कळलंय ना सगळं? मग कशाला वरातीमागून घोडं दामटतेस?" आई करवादली.

"माप काय दगडावरची रेघ असते, ताई? यंदा निवड सगळ्यांसमोर होणार, हात वर करून. सर स्वतः म्हणालेत."

आणि तिने झग्याच्या दोन्ही कुशींना दोन-दोन इंच माया सोडली. म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. टाके उसवले की झगा तिच्या भरल्या अंगाला बसला असता. एवढीच काय ती तिची हिंमत, तीही अस्तराच्या आत लपवलेली.

ऑडिशनच्या दिवशी वहिनी झगा घालूनच आल्या, "सहज, कसा दिसतो बघायला." मावशी स्टेजवर गेली. पहिल्या वाक्याला मागच्या बाकावरची कुजबुज थांबली. दुसऱ्याला खजिनदारांनी चष्मा काढला. तिसरं वाक्य ती एका रिकाम्या खुर्चीला म्हणाली, अगदी हळू, "तू दिवा न मालवताच गेलास बघ," आणि त्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असावं असं वाटून हॉल चिडीचूप झाला.

"अद्भुत!" सर उठले. "परंतु मावशी, एकच मिनिट हं. हिच्या झग्याची दुमड लोंबतेय, पाय अडकायचा. तेवढी धरता का? तोवर पुढचं नाव घेतो."

ती काहीतरी बोलेल असं सगळ्यांना वाटलं. पण दहा वर्षांची सवय हो, हाक आली की हात आधी निघतात. मावशी खाली उतरली, गुडघ्यांवर बसली, गळपट्टीला खोचलेल्या टाचण्या काढून ओठांत धरल्या आणि वहिनींच्या पायाशी गोल फिरत दुमड धरत राहिली. तिकडे पुढचं नाव झालं, त्याच्या पुढचं झालं, हातही वर झाले. दोन्ही हात दुमडीत गुंतलेली एकटी मावशीच तेवढी मत देऊ शकली नाही.

शेवटची टाचणी लावून ती उभी राहिली. "सर, माझं राहिलंय अजून."

"कळलं की आम्हाला! आणि तुम्ही स्टेजवर गेलात तर आमचे कपडे कोण सांभाळणार?" सर हसले. सगळे हसले. वहिनी म्हणाल्या, "काय सुरेख बसलाय हो झगा!"

दुपारी झगा दुकानात आला. मावशीने दुमड घातली, इस्त्री केली, मग अस्तर उलटं केलं आणि कात्री घेऊन दोन्ही कुशींची माया कापून टाकली. मखमलीच्या दोन लांब पट्ट्या जमिनीवर पडल्या. तिने त्या केराच्या डब्यात टाकल्या आणि म्हणाली, "बास आता. पुढच्या वर्षी नाव नाही द्यायचं."

"दहा वर्षं हेच ऐकतेय," मी म्हटलं. "देशीलच तू. लाव पैज."

"लावली. हरलीस तर परंतुसरांची नक्कल त्यांच्यासमोर करायची. माझ्यापुढे करतेस तशी, सगळी."

पुढच्या वर्षी वाचनालयाच्या दारावर ऑडिशनला नावं द्यायची यादी लागली. मी वरून खाली वाचली, मग खालून वर. शेवटच्या दिवशी संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत तिथेच घुटमळले. मावशी आत शर्टाला कॉलर लावत होती, तिने मान वर केली नाही. पैज हरल्याचं एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

बोलल्याप्रमाणे मंडळाच्या चहाला मी नक्कल केली. मान, श्वास, हात, एकूण एक. सगळ्यात मोठ्याने सरच हसले, आणि डोळे पुसत शेजारच्याला विचारू लागले, "कोणाची केली हो ही?"